एक, शून्य, दोन

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो. पण लिहायला बसलं की लाज वाटायची आणि दुसरंच काहीतरी लिहून व्हायचं. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे आणि सकाळपासून दोनदा लाईट जाऊन आली. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

तर गोष्ट इन्सुलीची. सावंतवाडीहून गोव्याकडे निघालं की घाट उतरल्यावर, बांद्याच्या अलीकडे लागतं ते आमचं गाव. बऱ्याच जणांना ते फक्त तपासणी नाक्यामुळे माहीत असतं. गोव्याहून परतताना जिथे गाडीतली सगळी मंडळी एकदम सभ्य चेहरे करून बसतात, तेच ते. :) २०२१ च्या मे महिन्यात मी तिथेच होतो. पुण्यातलं ऑफिस बंद, काम घरून, आणि जिथे नेट मिळेल ते घर, असा सगळा मामला होता.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेलं. आमच्या वाडीत माड पडले, फणस पडले आणि पडताना विजेचे खांब घेऊन पडले. लाईट गेली ती गेलीच. पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी मोबाइलचा टॉवर डिझेलवर सुरू झाला, फोनला रेंज आली, आणि रेंजबरोबर मॅनेजरही आला.

बाबांनी मांडववाल्याकडून छोटा पेट्रोल जनरेटर आणला. लग्नं पंचवीस माणसांत उरकत होती, त्यामुळे त्याचा जनरेटर धूळ खातच पडला होता. आता प्रश्न, हा घराला जोडायचा कसा? मांडववाल्याच्या पोराने उपाय दिला. एक वायर, जिच्या दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं ओटीवरच्या प्लगमध्ये. झालं. प्लगमधून वीज उलटी आत शिरते आणि घरभर पोचते. फक्त त्याआधी मीटरजवळचा मेन स्विच बंद करायचा, एवढं लक्षात ठेवायचं.

दोन दिवस मी ते अगदी नेमाने लक्षात ठेवलं. इंजिनिअर माणूस आहे ना मी!

पण रात्री जनरेटर बंद केल्यावर आम्ही मेन पुन्हा चालू करत असू आणि माजघरातल्या एका बल्बचं बटण दाबून ठेवत असू. का, तर खरी लाईट आली तर कळावी म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला माझा कॉल होता, लॅपटॉपची बॅटरी बारा टक्क्यांवर होती, आणि मी घाईघाईने जनरेटरची दोरी ओढली. मेन चालूच होता.

जनरेटर मस्त चालला. सगळी गंमत तिथेच आहे. लोक म्हणतात, अशी चूक झाली तर छोट्या जनरेटरवर सगळ्या गावाचा लोड येतो आणि तो आपोआप बंद पडतो, मग काळजी कसली? बरेचदा पडतोही. पण आमच्याकडे दोन घरांपलीकडे तार तुटलेली होती. म्हणजे माझ्या जनरेटरला गाव दिसतच नव्हतं. त्याला दिसत होतं आमचं घर, शेजारचं घर, आणि रस्त्याकडेच्या खांबापर्यंतची तार.

त्या खांबाखाली वायरमन काका आणि त्यांची दोन माणसं शिडी लावत होती.

खांबावर चढण्याआधी लाईन तपासायची, तारा एकमेकींना जोडून जमिनीशी अर्थ करायच्या आणि मगच हात लावायचा, हा त्यांचा नियम. ते तो पाळणारच होते. पण त्याआधीच त्यांना शेजारच्या काकूंच्या ओटीवरचा बल्ब पेटलेला दिसला. काकूंकडे जनरेटर नाही, इन्व्हर्टर नाही, काहीच नाही. मग आवाजाचा माग काढत ते आमच्या खळ्यात आले.

"मेन खंय असा तुमचो? आधी तो बंद कर."

मी बंद केला. काकूंचा बल्ब विझला. काका ओरडले नाहीत. पायरीवर बसले, पाणी मागितलं, आणि एवढंच म्हणाले, "झिला, मी खांबार असतंय तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि उरलेल्यांच्या सोसायटीत जनरेटर.

खांबावरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, आणि त्यातल्या एका फेजवर आपल्याला साधारण २३० ते २५० मिळतात. पण ट्रान्सफॉर्मरला सरळ-उलट कळत नाही. खालून २३० दिलेत तर तो इमानेइतबारे वर दहा हजाराच्या आसपास तयार करतो. आमच्या इथे तार मध्येच तुटलेली होती म्हणून गोष्ट २३० व्होल्टवरच राहिली. पण ओल्या खांबावर माणूस मरायला २३० खूप झाले.

यावरचा उपाय शंभरेक वर्षं जुना आणि अगदी साधा आहे: चेंजओव्हर स्विच. एक दांडा, तीन जागा. एक, शून्य, दोन. एकवर महावितरण, दोनवर जनरेटर, आणि मधल्या शून्यावर काहीच नाही. दांडा एकवरून दोनवर जायचा तर शून्यावरून गेल्याशिवाय जाऊच शकत नाही. आधी जुनं सुटतं, मगच नवं जुळतं. शिवाय फेजबरोबर न्यूट्रलही बदलला जातो, कारण न्यूट्रलच्या तारेतूनही वीज बाहेर जाऊ शकते. यात कुणी काही लक्षात ठेवायचं नसतं. घाई असो, कॉल असो, बॅटरी बारा टक्के असो, दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणं त्या यंत्रात शक्यच नसतं. माझ्या दोन तोंडांच्या वायरमध्ये सुरक्षितता माझ्या डोक्यात होती. चेंजओव्हरमध्ये ती लोखंडात असते.

विनोद असा, की त्या दिवशीचा माझा साडेनऊचा कॉल डेटाबेसच्या फेलओव्हरवर होता. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने काम कसं घ्यायचं, हीच चर्चा. आमच्या धंद्यात यातलं सगळ्यात मोठं भय म्हणजे स्प्लिट ब्रेन. पहिला सर्व्हर मेलाय असं समजून दुसरा मालक होतो, पण पहिला मेलेला नसतोच, फक्त त्याचा आवाज येत नसतो. मग दोन मालक, दोन हिशेब. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं असंच झालं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या यंत्रणेचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात पश्चिमेकडच्या डेटाबेसने कारभार हातात घेतला. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या. ४३ सेकंदांचं ते निस्तरायला त्यांना २४ तास ११ मिनिटं लागली.

म्हणून क्लस्टरवाले लोक एक पद्धत वापरतात, तिचं नाव स्टोनिथ. अर्थ सांगायचा तर, दुसऱ्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला आणि मगच राज्य घ्या. प्रत्यक्षात ही गोळी म्हणजे बरेचदा त्या सर्व्हरची वीजच तोडणं असतं. म्हणजे फिरून आपण पुन्हा त्या दांड्यापाशीच आलो. आधी शून्य, मग दोन. हे सगळं मला पाठ होतं. कॉलवर मी त्यावर बोलणारही होतो. आणि घरी मेन चालू ठेवून जनरेटर ओढला होता.

असो. आता त्या शून्याची दुसरी बाजू.

शून्य सुरक्षित आहे, पण शून्यावर अंधार असतो. घरातल्या बल्बला त्याचं काही नाही, संगणकाला आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये जे कपॅसिटर असतात ते भरल्या लोडवर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतात. म्हणजे एक आवर्तनही पुरतं नाही. इन्व्हर्टरमधला रिले या वेळात इकडून तिकडे उडी मारू शकला तर संगणकाला पत्ता लागत नाही. नाही मारू शकला तर रीस्टार्ट.

तुमच्या इन्व्हर्टरच्या अंगावर, बहुतेक मागच्या बाजूला, एक बारीक स्विच असतो. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा ईको असं काहीतरी लिहिलेलं. तो काय करतो हे घरात कुणालाच माहीत नसतं. यूपीएसवर इन्व्हर्टर काटेकोर होतो. व्होल्टेज साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेलं की दहाएक मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी मारतो. नॉर्मलवर तो १०० पासून २९० पर्यंत सगळं गोड मानून घेतो आणि उडीही सावकाश मारतो. मग सगळे यूपीएसवरच का ठेवत नाहीत? कारण आमच्या इन्सुलीसारख्या ठिकाणी संध्याकाळी व्होल्टेज खाली उतरतं. काटेकोर इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जातो, आणि रात्री खरंच लाईट गेली की बॅटरी रिकामी. कोणती वीज 'गेली' म्हणायची, हे ठरवणंच अवघड काम आहे. उडी मारणं सोपं.

आमच्या घरी शेवटी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवला आणि राउटरला वेगळा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला. त्यात बदलाबदली हा प्रकारच नसतो. राउटर कायम बॅटरीशीच जोडलेला, आणि मेन फक्त बॅटरी भरत राहतो. मेन गेला तर भरणं थांबतं, राउटरला काही कळत नाही. मोठ्या डेटा सेंटरमधला ऑनलाइन यूपीएस हेच मोठ्या प्रमाणावर करतो. येणाऱ्या विजेची आधी डीसी, तिची पुन्हा एसी, आणि मध्ये बॅटरी. उडी नाही, त्यामुळे शून्यही नाही. किंमत म्हणून दोनदा रूपांतर, आणि प्रत्येक वेळी थोडी वीज उष्णतेत वाया.

सोसायटीतला किंवा रुग्णालयातला स्वयंचलित चेंजओव्हर आणखी विचारी असतो. वीज गेली की लगेच जनरेटरला हाक मारत नाही. एक-दोन सेकंद थांबून बघतो, नुसता डोळा मिटला की खरंच गेली? मग इंजिन सुरू करतो, त्याचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जागेवर येऊ देतो, आणि मगच लोड टाकतो. या सगळ्याला दहाएक सेकंद लागतात. लिफ्टमध्ये आपण ज्या दहा सेकंदांत शेजाऱ्याकडे बघून उगाच हसतो, ती हीच. वीज परत आल्यावर मात्र तो मुद्दाम काही मिनिटं वाट बघतो. कारण नुकती आलेली वीज पुन्हा जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. जाताना घाई, परतताना सबुरी. आपल्या मॉनिटरिंगमध्ये अलार्म वाजून लगेच थांबून पुन्हा वाजू नये म्हणून आपण जे करतो, तेच.

मोठ्या मोटारी असतील तर शून्यावर थोडं रेंगाळावंही लागतं. वीज तोडली तरी मोटर फिरत राहते आणि काही क्षण स्वतःच थोडी वीज निर्माण करते. ती विझायच्या आत दुसरी वीज उलट्या तालात येऊन आदळली तर दणका बसतो.

ताल हा शब्द मी उगाच वापरला नाही. दोन स्रोत एका क्षणासाठी का होईना एकत्र जोडायचे असतील, तर दोघांचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि लाटेतली जागा जुळावी लागते. २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ ला असतं. एक लाट शिखरावर आणि दुसरी बरोबर दरीत असेल, तर दोघींमध्ये ६५० व्होल्टचं अंतर पडतं. एवढं अंतर तारेने जोडलंत तर काय होईल सांगायला नको. पण ताल जुळला तर अख्खा देश जोडता येतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आलं. ते जुळलं ते आपल्या सोलापुरात, हे किती जणांना माहीत असतं?

उलट काम, म्हणजे संकटात वेगळं होऊन स्वतःपुरतं जगणं, त्याहून अवघड. मुंबईसाठी अशी योजना बरीच वर्षं आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने तुटून आपल्या जवळच्या वीजकेंद्रांवर बेटासारखं चालायचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ती वेळ आली, आणि बेट टिकलं नाही. बेटावरची मागणी आणि बेटावरची निर्मिती क्षणात जुळावी लागते. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत वीज यायला संध्याकाळ उजाडली.

आणि शून्य बघायचाच असेल तर आमच्या बाजूला या. मडुरे स्टेशन आमच्यापासून जवळ. कोकण रेल्वे २०२२ साली पूर्ण विजेवर आली. वरच्या तारेत २५ किलोव्होल्ट असतात, पण सगळ्या मार्गावर एकाच ठिकाणाहून नाही. लागोपाठच्या सबस्टेशनांची वीज वेगवेगळ्या फेजची, म्हणजे ताल वेगळा. म्हणून दोघांच्या मध्ये तारेचा एक छोटा मृत तुकडा ठेवतात, न्यूट्रल सेक्शन. ड्रायव्हरला आधी पाट्या दिसतात. तो इंजिनाचा ब्रेकर उघडतो, गाडी नुसत्या वेगावर पुढे सरकते, आणि पलीकडची तार आली की पुन्हा ब्रेकर लावतो. रात्रीच्या प्रवासात कधी कधी एसीचा आवाज क्षणभर थांबतो, तेव्हा बरेचदा हेच कारण असतं. शेकडो टनांची गाडी शून्यावरून जाते आणि झोपलेल्यांना कळतही नाही.

हल्ली मित्र विचारतात, छतावर सोलर बसवलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेतून सबसिडीही मिळाली, पण लाईट गेली की भर उन्हातही घरात अंधार. फसवलं की काय? नाही हो. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर वीज गेल्याचं ओळखून मुद्दाम बंद होतो. त्याने बंद व्हायलाच हवं. नाहीतर प्रत्येक छप्पर म्हणजे दोन तोंडांची वायर, आणि खांबावरच्या माणसाने किती घरांचे आवाज ऐकत फिरायचं? लाईट नसतानाही सोलर हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, जो आधी ग्रिडपासून स्वतःला तोडतो आणि मग घर चालवतो.

हे विचारणाऱ्यांना मी पूर्वी आकृती काढून सांगायचो. आता काकांची गोष्ट सांगतो.

त्या दिवशी काका गेल्यावर बाबांनी ती वायर खळ्यात नेऊन कोयतीने मधोमध तोडली. मला एक शब्द बोलले नाहीत. मी मोबाइलवरून कॉलला उशिरा जोडला गेलो, आणि कुणीतरी विचारलं की तुमच्याकडे सगळं ठीक ना. मी म्हटलं, हो.

महिन्याभराने बांद्याहून परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावून रीतसर चेंजओव्हर बसवला. त्याने माझ्याकडून सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "पण मेन चालू का ठेवत होता?" मी म्हटलं, लाईट आली ते कळावं म्हणून. तो हसला. त्याने चेंजओव्हरच्या अलीकडे, मेनच्या बाजूला एक छोटा लाल दिवा लावून दिला. दांडा कुठेही असू दे, महावितरणची वीज आली की तो लागतो. बघण्यासाठी जोडून ठेवायची गरज नाही.

माझी खरी चूक ती होती, हे मला तेव्हा कळलं. घाई हे निमित्त. लाईट आली का एवढं कळण्यासाठी मी अख्खं घर तारेला जोडून ठेवलं होतं. तेव्हापासून ऑफिसात कुणी तपासणीचा कोड मुख्य मार्गात घुसवला की मला तो लाल दिवा आठवतो.

परवा गावी गेलो होतो तेव्हा वायरमन काका बाजारात भेटले. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत म्हणाले. मी विचारलं, अजून लोक तसं करतात का? म्हणाले, "पावसाळ्यात बघ, खांबाखाली उभो रवान आधी कान देतंय."

तेव्हा तुमच्या घरी, गावी, सासरी कुठेही दोन्ही टोकांना पिना असलेली वायर असेल, तर आज शनिवार आहे, वेळ आहे. कोयती नसली तर पक्कड चालेल. फक्त आधी ती प्लगमधून काढा.